म्हातारीची परीक्षा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण दोघांनाही लागू असली, तरी घरात ती बहुतेक वेळा म्हातारीलाच ऐकवली जाते. आता तिला आकडेवारीचाही आधार मिळाल्यासारखा वाटतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतरांबरोबर केलेल्या ‘लासी’ या पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. तिच्यात ७२ हजारांवर माणसं होती. त्यांतल्या काही वृद्धांच्या स्मरणशक्तीची व आकलनाची पुढे सखोल तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की साठीपुढच्या शंभर बायकांत ९ जणींना स्मृतिभ्रंश आहे, पुरुषांत हेच प्रमाण ५.८.

हा आकडा नाकारायचं कारण नाही. पण त्याचं कारण बाईच्या मेंदूत शोधायचं, की तिच्या आयुष्यात?

आज ऐंशीच्या घरात असलेली बाई १९५१ साली शाळेच्या वयाची होती. त्या वर्षीच्या जनगणनेत देशात शंभरात जेमतेम ९ बायका साक्षर होत्या आणि २७ पुरुष. लहानपणीचं शिक्षण म्हातारपणी मेंदूला टेकू देतं, हे जगभर दिसलं आहे. हिच्या वाट्याला तो टेकू आलाच नाही. भावाला पाटी आणि हिला धाकटं भावंड कडेवर. वर कमी खाणं आणि लवकर बाळंतपणं. त्याचा हिशेब सत्तर वर्षांनी दिसतो आहे.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. लासीच्या आधी २०१० साली कर्नाटक, केरळ, पंजाब आणि राजस्थान या चार राज्यांत चाचणी-पाहणी झाली. शिक्षण, आरोग्य वगैरे फरक जमेस धरल्यावर दक्षिणेत बाई-पुरुषांतलं अंतर उरलं नाही. उत्तरेत ते उरलं. मेंदू तर दोन्हीकडे बाईचाच होता! तिकडे युरोपातल्या तेरा देशांचा अभ्यास २०१४ मध्ये आला. राहणीमान आणि शिक्षण सुधारलेल्या पिढ्यांत ऐकलेले शब्द आठवण्यात बायका पुरुषांच्या आणखी पुढे गेलेल्या दिसल्या, आकडेमोडीतलं अंतर कमी झालेलं दिसलं.

आता खुद्द परीक्षेकडे बघू. जगभर वापरली जाणारी तीस गुणांची प्रश्नावली १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. शंभरातून सात वजा करत जा, कागदावरचं वाचून तसं करा, एक वाक्य लिहा. जिने पेन्सिल कधी धरली नाही, तिचे गुण इथेच गेले. हरियाणात बल्लभगढ भागात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हिंदीतून तिचं वेगळं रूप केलं. विसातून तीन वजा करा, माझ्या चेहऱ्याकडे बघून मी करते तसं करा, आपल्या घराबद्दल काही सांगा. सरळ गोष्ट आहे, पण ती सुचायला वीस वर्षं लागली.

माझ्या ओळखीच्या एका आजींना अंगठ्यापलीकडे काही येत नाही. पण तीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कुणी किती आहेर केला, तो कसा फेडला, हे त्या न अडखळता सांगतात. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या कुठल्या वहीतून आल्या होत्या? कुठल्याही प्रश्नावलीत याला गुण नाहीत.

याचा अर्थ बायकांना स्मृतिभ्रंश होत नाही, असा मात्र काढू नका. कौतुकाच्या भरात आजार नजरेआड होतो. भाजीत दोनदा मीठ पडलं, रोजच्या वाटेवर घर सापडेना, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. नीट ऐकू येत नसलेल्या बाईला वेडी ठरवलेली मी पाहिली आहे. थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि खिन्नता यांनीही विसरायला होतं, आणि यांवर उपचार आहेत. तपासणीच्या वेळी मुलाला बाहेर बसवा. नाही तर आईची उत्तरं तोच देतो.

आणखी एक. ‘हिला काही कळत नाही’ म्हणणारेच हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घ्यायला मात्र तिला तालुक्याला नेतात. तेव्हा ती शहाणी असते! आपल्या केंद्रात अशी बाई आली, तर दस्त तिला मोठ्याने वाचून दाखवा आणि तिच्या शब्दांत तिच्याकडून ऐका. ती बक्षीसपत्र करतच असेल, तर सांभाळण्याची अट त्या दस्तातच लिहून घ्यायला लावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, अट मोडल्यास तो दस्त रद्द करून मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. तोंडी कबुलीवर विसंबलात, तर तिथे फार झगडावं लागतं.