क्ष-किरण आणि यीस्टची पेशी



पाव फुगविणारें यीस्ट आपणां सर्वांस परिचित आहे. चिमूटभर यीस्टमध्यें कोट्यवधि जीव असतात, आणि प्रत्येक जीव म्हणजे एकच पेशी. ह्या पेशीच्या भित्तीस आंतून लागून चरबीयुक्त द्रव्यांचें अत्यंत पातळ आवरण असतें. पोटॅशियम आंत राखणें व बाहेरची साखर आंत घेणें, हें त्याचें काम. आतां प्रश्न असा, कीं क्ष-किरणांनीं पेशी मरते, ती हें आवरण बिघडल्यामुळें काय?

प्रथम ‘मरण’ म्हणजे काय, तें ठरविलें पाहिजे. प्रयोगशाळेंत किरण दिलेल्या पेशी पोषक आगरावर पसरतात. जिच्या संततीचा डोळ्यांस दिसेल असा ठिपका उमटतो, ती जगली. जी एकदोनदां विभागून थबकली, ती मेली असें धरतात.

किरण पेशींतील पाण्याचे रेणु फोडतात. त्यांचे उतावीळ तुकडे चरबीवर तुटून पडतात खरे. परंतु एक रेणु बिघडला कीं शेजारचाही बिघडावा, अशा जातीची चरबी हें यीस्ट स्वतः बनवीत नाहीं. म्हणून आवरण बराच टिकाव धरतें. मात्रा फारच वाढविली, म्हणजे मात्र पोटॅशियम बाहेर झिरपूं लागतें.

खरा घाव बसतो तो डी.एन.ए.च्या दुहेरी धाग्यावर. १९४९ सालीं लातार्जे व एफ्रुसी ह्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें, कीं गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या यीस्टपेक्षां दोन संचांचें यीस्ट क्ष-किरणांस अधिक तोंड देतें. एका संचांतील धागा तुटला, तर दुसरा पाहून तो सांधतां येतो. माणसाच्या सर्वांगावर ४-५ ग्रे मात्रा एकदम पडली, तर ती जीवघेणी ठरूं शकते. हें यीस्ट शेंकडों ग्रे सोसतें. परंतु ‘रॅड-५२’ नांवाचें एक जनुक काढून घेतलें, कीं तेंच यीस्ट थोडक्या मात्रेनें दगावतें. आवरण तेंच, किरण तेच; गेलें तें फक्त सांधण्याचें कसब!

ही गोष्ट आपल्या घराशींही निगडित आहे. कर्करोगावरील किरणोपचार मुख्यतः ह्याच धाग्यावर घाव घालतात. मात्रा बहुधा अनेक दिवसांत विभागून देतात, ती निरोगी पेशींना मधल्या वेळांत आपले धागे सांधतां यावेत म्हणून. यास्तव घरांतील रुग्णानें ठरलेल्या खेपा आपल्या मनानें गाळूं नयेत. अवधि लांबला, तर रोगाच्या पेशींनाही पुन्हां वाढण्यास सवड मिळते.