बेटावरची द्राक्षं आणि 'शेतकरी' हा शब्द

(शिबिरातील भाषणाचा मजकूर)



गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी रांगेत उभं राहून मत दिलेल्या बाया इथे बसल्या आहेत. त्यांच्यापुढे मी वाइनविषयी बोलणार आहे, म्हणून आधीच सांगते, मी वाइनची बाजू मांडायला आलेली नाही. २०२२ साली सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, तेव्हा 'शेतकऱ्याचा फायदा' हे कारण दिलं गेलं. हा शेतकरी म्हणजे नेमका कोण, एवढंच मला विचारायचं आहे. त्यासाठी जरा लांबच्या बेटावर जाऊ या.

इटलीचं पांतेलेरिया हे बेट सिसिली आणि ट्युनिशियाच्या मध्ये आहे. ज्वालामुखीपासून बनलेलं, जेमतेम ८३ चौरस किलोमीटरचं. पाऊस थोडा, वारा मात्र सतत. म्हणून तिथे आपल्यासारखा मांडव घालत नाहीत. जमिनीत खळगा करून त्यात वेल लावतात आणि छाटून छाटून तिचं बुटकं झुडूप करतात. खळग्यात तिला वाऱ्यापासून आडोसा मिळतो, ओल टिकते. उतारावर दगडावर दगड रचून बांध घातलेले आहेत.

तिथल्या झिबिब्बो द्राक्षांची 'पासितो' ही गोड वाइन होते. ऑगस्टमध्ये तोडलेले घड तीन-चार आठवडे उन्हात वाळवायचे. मग सप्टेंबरच्या द्राक्षांचा रस आंबत असताना, वाळलेले मणी देठापासून सोडवून त्यात घालायचे. वेल गुडघ्याएवढी, बांध अरुंद. छाटणी, तोडणी सगळी वाकून, हाताने.

२०१४ साली युनेस्कोने वेल लावण्याची ही पद्धत मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. हे ज्ञान घराघरांत, बोलीतून, करून दाखवत पुढे जातं, असं नोंदीत म्हटलं आहे. आणि ते जपणारे शेतकरी कोण, तर 'पुरुष आणि स्त्रिया'. दोन्ही शब्द आहेत. एका शब्दाने जमीन नावावर होत नाही, मजुरी वाढत नाही, हे खरं. पण काम कौशल्याचं आहे आणि ते बाईही करते, या दोन्ही गोष्टी एका कागदावर आल्या.

आता आपल्या नाशिक-सांगलीकडे या. खाण्याच्या द्राक्षांच्या बागेत विरळणी, डिपिंग, प्रतवारी कोण करतं? बहुतेक बायाच. घडात किती मणी ठेवायचे, कुठले काढायचे, हे नजरेला कळावं लागतं. तरी त्याला नाव 'हलकं काम', आणि मजुरी पुरुषापेक्षा कमी. तेच काम बागाईतदाराच्या घरातली बाई करते तेव्हा ती 'मदत' होते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ साली झाला, देशभर २००५ साली. पण माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सह्या होतातच.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष जाहीर केलं. ते घोषणेपुरतं राहू नये. गावी गेल्यावर दोन कामं करा. घरच्या जमिनीचा सातबारा काढून त्यावरची नावं मोठ्याने वाचा. आणि बागेतल्या छाटणीचा रोज किती, विरळणीचा किती, हे वहीत शेजारी शेजारी लिहा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. 'शेतकऱ्याचा फायदा' म्हणणाऱ्यांपुढे आपण ती ठेवू.