पाटी, सही आणि जबाबदारी
(वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



पोटाला चिमटा काढून तुम्ही मुलांना शिकवता. मुलगा डॉक्टर होतो, मुलगी वास्तुविशारद किंवा सनदी लेखापाल होते, दारावर नावाची पाटी लागते. घराला धन्यता वाटते आणि ती रास्तच आहे. परंतु त्या पाटीबरोबर एक जबाबदारीही घरात येते. तिच्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

दुकानदाराने सदोष माल दिला तर तो बदलून देता येतो. चुकलेले निदान, स्लॅबच्या नकाशातील चुकीचा आकडा किंवा मुदतीत न भरलेले विवरणपत्र बदलून कसे देणार? ज्याचे नुकसान झाले तो भरपाई मागतो आणि कायदा त्याला तो हक्क देतो. मात्र रोगी बरा झाला नाही एवढ्यावरून डॉक्टर दोषी ठरत नाही. त्या व्यवसायातील सर्वसाधारण जाणकार जेवढी काळजी घेईल तेवढी घेतली होती काय, हे पाहिले जाते.

ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. आता २०१९ चा नवा कायदा लागू आहे. भरपाईची रक्कम किती मोठी असू शकते? २०१३ साली कलकत्त्यातील उपचारांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये मंजूर केले. एवढी रक्कम निराळी. पण दहा-वीस लाखांचा निकालही नव्याने उभे राहणाऱ्या कुटुंबाचे घर आणि दवाखाना दोन्ही घेऊन जाऊ शकतो.

अशा प्रसंगासाठी व्यावसायिक उत्तरदायित्वाचा विमा असतो. व्यवहारात त्याला प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात. डॉक्टर, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल, वकील, सल्लागार संस्था यांना तो घेता येतो. निष्काळजीपणातून द्यावी लागणारी भरपाई आणि बचावाचा खर्च विमा कंपनी ठरलेल्या मर्यादेपर्यंत सोसते. सुरुवातीची काही रक्कम मात्र स्वतःला भरावी लागते.

या विम्याची एक खुबी नीट समजून घ्या. मोटारीच्या विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू असली की झाले. येथे सामान्यतः मागणी ज्या दिवशी येते त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते, आणि ज्या कामाबद्दल मागणी आहे ते पॉलिसीत लिहिलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरचे असावे लागते. समजा, एका डॉक्टरने २०२१ मध्ये विमा घेतला, २०२२ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि २०२३ मध्ये हप्ता बंद केला. २०२४ मध्ये नोटीस आली तर संरक्षण नाही. नंतर नवी पॉलिसी घेतली तरी जुने काम तिच्यात येईलच असे नाही. म्हणून खंड पडू देऊ नका. निवृत्त होताना मागील कामाचे काय, हेही आधी विचारा.

प्रस्ताव-अर्जात काही लपवू नका. नोटीस आली तर त्याच दिवशी कंपनीला कळवा. तिला न विचारता परस्पर तडजोड किंवा कबुली देऊ नका. नोंदी, संमतिपत्रे आणि नकाशांच्या प्रती जपून ठेवा. नोंद नसेल तर घेतलेली काळजीही सिद्ध करता येत नाही.

आणि विमा कशाला पुरत नाही हेही ऐका. जाणूनबुजून केलेले गैरकृत्य, गुन्हा, नशेत केलेले काम, दंड यांना तो पुरत नाही. आपल्या पदवीबाहेरचे काम तर विशेष घातक. होमिओपॅथीची पात्रता असताना अ‍ॅलोपॅथीची औषधे देणाऱ्या मुंबईतील एका डॉक्टरांना १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच कारणावरून निष्काळजी ठरविले. रोगी दगावला होता.

विम्याच्या ग्राह्यतेविषयी कोणाच्या मनात शंका असेल तर त्यांनी जाणकारांचा सल्ला घ्यावा. पण विमा असो वा नसो, नुकसान सोसणाऱ्याचे देणे चुकत नाही. विम्यामुळे त्या दुखावलेल्या माणसाला भरपाई हाती पडण्याची खात्री वाढते, ही त्याची दुसरी आणि मोठी बाजू आहे.

पालकहो, दवाखान्याचे किंवा कचेरीचे अंदाजपत्रक करताना फर्निचरच्या खर्चाशेजारी या हप्त्याचीही ओळ लिहा. विद्यार्थी मित्रांनो, सही करण्यापूर्वी कागद पुन्हा एकदा वाचण्याची सवय आजच लावून घ्या. विमा पैसे भरील. तुमच्यावर विसंबणाऱ्या माणसाची काळजी मात्र तुम्हालाच घ्यावी लागेल.