अक्षरांना वल्ही फुटली

श्रोतेहो, तुर्कस्तान म्हटलं की आपल्याला इस्तंबूलच्या मशिदी आठवतात, हल्ली तिथल्या टीव्ही मालिकाही आठवतात. आज मी बोलणार आहे ते त्या देशातल्या दोन कमी गाजावाजा झालेल्या कलांविषयी. एक माहितीपट आणि दुसरी ॲनिमेशन, म्हणजे चित्रांना चालतं करण्याची कला.

गंमत अशी, की या दोन्हींच्या आरंभी एकेक हरवलेली फिल्म आहे. १४ नोव्हेंबर १९१४ रोजी इस्तंबूलच्या आयास्तेफानोस भागातलं रशियन स्मारक पाडण्यात आलं. फुआत उझ्कनाय यांनी त्याचं चित्रण केलं आणि तोच पहिला तुर्की चित्रपट, असं मानतात. म्हणून १४ नोव्हेंबर हा तिथं सिनेमाचा वाढदिवस. पण ती फिल्म आजवर सापडलेली नाही. ती मुळात काढली तरी होती का, अशी शंका घेणारे अभ्यासकही आहेत. दुसरी कथा १९५० नंतरच्या काळातली. होजा नसरुद्दीन, म्हणजे आपले मुल्ला नसरुद्दीन, यांच्यावर मोठा ॲनिमेशनपट करायचं ठरलं. हातानं असंख्य चित्रं काढली गेली. पुढच्या प्रक्रियेसाठी फिल्म अमेरिकेला गेली, ती परत आलीच नाही. चित्रपटाचं नाव होतं ‘एव्वेल झमान इचिंदे’, अर्थात ‘फार फार वर्षांपूर्वी’! मुल्लाच्या किश्शात शोभावा असा हा प्रकार आहे. पण रात्ररात्र बसून चित्रं काढणाऱ्यांचं काय झालं असेल, असं मनात येतंच.

मग जे टिकलं, ते कशामुळे? मला वाटतं, अभ्यासक आणि कारागीर एका बैठकीला बसले म्हणून. इस्तंबूल विद्यापीठातले साबाहात्तिन एयुबोलू आणि मझहर शेवकेत इप्शिरोलू यांचंच पाहा. एयुबोलू साहित्याचे माणूस. आपल्या माधव जूलियनांनी उमर खय्याम मराठीत आणला, तसा यांनी तो तुर्कीत आणला. इप्शिरोलू कलेच्या इतिहासाचे प्राध्यापक. अशा दोघांनी हाती कॅमेरा घेतला आणि ॲनातोलियातल्या प्राचीन हित्ती संस्कृतीवर ‘हिताइट सूर्य’ हा माहितीपट केला. १९५६ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. पुढे तोपकापी राजवाड्यातल्या जुन्या चित्रांवर त्यांनी ‘सियाह कलम’ केला. सियाह कलम म्हणजे काळी लेखणी. हे वेगळं सांगायला नको, कारण स्याही आणि कलम दोन्ही आपल्या घरातलेच शब्द आहेत.

त्यांच्यानंतरचं मोठं नाव सुहा आरन यांचं. १९७६ साली त्यांनी सफ्रानबोलू या गावावर माहितीपट केला. गावात जुनी, लाकूडकामाची देखणी घरं. तो काळ जुनं पाडून सिमेंटचं बांधण्याचा होता. ही घरं जपायला हवीत, ही जाणीव लोकांत रुजवण्यात या चित्रपटाचा मोठा वाटा मानला जातो. १९९४ साली हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आरन यांचा आणखी एक माहितीपट ‘ताहताजी फातमा’. टॉरसच्या डोंगरात लाकूडतोडीवर जगणाऱ्या ताहताजी लोकांतल्या एका मुलीची ही गोष्ट. तुर्कीत ताहता म्हणजे फळी, आपल्या ‘तक्तपोशी’तला तक्ता. आरन विद्यापीठात शिकवतही असत. २००४ साली ते गेले, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या अनेकांनी माहितीपटांचं काम पुढे नेलं.

आता माझ्या सगळ्यात आवडीच्या चित्रपटाकडे येतो. इस्लामी सुलेखनात एक प्रसिद्ध आकृती आहे, ‘आमेन्तूची नाव’. अल्लाहवर, व त्याच्या फरिश्त्यांवर, व त्याच्या ग्रंथांवर, व त्याच्या पैगंबरांवर माझी श्रद्धा आहे, अशा आशयाची अरबी वाक्यं अशा वळणानं लिहितात, की त्यांची नौका होते. वाक्यांना जोडणारं अक्षर ‘वाव’. त्याची लांब शेपटी पाण्यात उतरते आणि प्रत्येक वावचं एक वल्हं होतं. तोंगुच यशार हे व्यंगचित्रकार आणि सेझेर तान्सू हे कलेचे अभ्यासक. या दोघांनी १९७० च्या आसपास याच आकृतीवर एक छोटा ॲनिमेशनपट केला, ‘आमेन्तूची नाव कशी चालली’. कागदावर शतकानुशतकं थांबलेली अक्षरं पडद्यावर हलू लागली.

याचं मोल कळायला एक तारीख आठवावी लागते. १९२८ साली तुर्कस्ताननं अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली. साक्षरता वाढवायची हा हेतू होता. पण हा चित्रपट आला तेव्हा पन्नाशीच्या आतल्या बहुतेक तुर्की माणसांना आजोबांचं पत्र वाचता येत नव्हतं. आपल्याकडेही घरोघरच्या पेटीत मोडी कागद आहेत आणि वाचणारं कुणी नाही. मी स्वतः सकाळी मदरशात अलिफ, बे गिरवलं आणि दुपारी शाळेत ग, म, भ, न. दोन्ही लिप्या हातात राहिल्या, हे माझं भाग्य. ज्यांच्या हातून एक लिपी निसटली, त्यांना ती या चित्रपटानं वाचायला शिकवली नाही. परकी वाटू लागलेली अक्षरं त्यानं पुन्हा ओळखीची केली, एवढंच. एवढंही पुष्कळ आहे.

ही परंपरा पुढे चालू राहिली आहे. २००५ साली पेलिन एस्मेर यांनी ‘ओयून’, म्हणजे ‘नाटक’, हा माहितीपट केला. मेर्सिनजवळच्या अर्सलानकोय गावातल्या बायका शेतीची, घरची कामं सांभाळून स्वतःच्याच आयुष्यावर नाटक बसवतात, ते त्यात दिसतं. एस्कीशेहिरच्या अनादोलू विद्यापीठात ॲनिमेशनचा स्वतंत्र विभाग आहे. तिथं मुलं चित्रं चालवायला शिकतात.

श्रोतेहो, मराठीतला आपला ‘व’ हा फारसीतून आला असं मानतात, आणि फारसीत तो अरबीतून आलेला. म्हणजे त्या नावेचं वल्हं आणि आपला ‘व’ एकच. कारागिरानं एकट्यानं केलेलं हरवू शकतं, अभ्यासकानं एकट्यानं लिहिलेलं कपाटात पडू शकतं. ‘अभ्यासक व कारागीर’ असं म्हणताना मधला तो ‘व’ मला नेहमी वल्ह्यासारखा दिसतो. तो हलत राहिला, तर नाव चालते.