एक पत्र आणि चव्वेचाळीस वर्षं

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात आपल्या गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘पंचवीस वर्षांवर काहीतरी बोला’ असा मला कमिटीचा निरोप आला. पण बोअरवेल कशी लागली, कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घातले, पहिला गणपती कुणाच्या गॅरेजमध्ये बसला, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंय. म्हणून मी दुसऱ्याच एका गावाची गोष्ट सांगणार आहे. ती फुटबॉलची आहे. ज्यांना फुटबॉल आवडत नाही त्यांनी उठून जाऊ नये, कारण तिच्यात गोल कमी आणि हिशेब जास्त आहेत.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलीकडे मँचेस्टरला गेलो होतो. जावई म्हणाले, ‘बाबा, तुम्हाला मॅच दाखवतो.’ मला वाटलं, टीव्हीवर दिसतं ते प्रचंड स्टेडियम. त्यांनी गाडीत बसवून नेलं अॅक्रिंग्टनला. लँकेशायरमधलं साधारण पस्तीस हजार वस्तीचं गाव. एकेकाळी कापडाच्या गिरण्या आणि पक्क्या लाल विटा यांसाठी प्रसिद्ध. लँकेशायरचं कापड म्हटलं की आपल्या जुन्या मंडळींना स्वदेशी आणि परदेशी कापडाच्या होळ्या आठवतील. १९३१ साली गांधीजी गिरणी कामगारांना भेटायला जिथे गेले, ते डार्वेन इथून जवळच. आता गिरण्या तिथेही नाहीत आणि आपल्या परळ-लालबागलाही नाहीत.

या गावाचा क्लब म्हणजे अॅक्रिंग्टन स्टॅन्ली. १८९१ साली स्टॅन्ली स्ट्रीटवरच्या पोरांनी काढलेला, म्हणून नावात स्टॅन्ली. गावात त्याआधी आणखी एक क्लब होता. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या बारा क्लबांपैकी तो एक. पण १८९३ मध्ये तो लीगमधून बाहेर पडला आणि पुढे संपला. मग गावाचा सगळा जीव स्टॅन्लीवर. १९१९ पासून त्यांचं मैदान होतं पील पार्क, एका टेकडीच्या पायथ्याशी. १९२१ मध्ये ते लीगमध्ये आले, तिसऱ्या विभागात.

सगळ्यात चांगले दिवस १९५० च्या दशकातले. मॅनेजर वॉल्टर गॅलब्रेथ यांनी स्कॉटलंडहून इतके खेळाडू आणले की एका सामन्यात अकराच्या अकरा जण स्कॉटलंडमध्ये जन्मलेले होते. १९५५ आणि १९५८ अशा दोन हंगामांत संघ दुसरा आला. पण त्या काळी वरच्या विभागात एकच संघ जायचा, पहिला आलेला. दोन्ही वेळा हुकलं.

इथून पुढचं नीट ऐका. १९५८ मध्येच कमिटीने एक मोठं स्टँड विकत घेतलं. आल्डरशॉटला लष्करी कवायतींचे खेळ व्हायचे, तिथलं वापरलेलं लोखंडी स्टँड. किंमत १,४५० पौंड. स्वस्तात मिळालं म्हणून सगळे खूष. पण ते सुटं करून, वाहून आणून पुन्हा उभं करायला त्याच्या कित्येक पट खर्च आला. वर ते बनलेलं होतं कवायत बघायला, तिथून फुटबॉल धड दिसायचा नाही. आपल्याला ओळखीचं वाटतंय का? लिफ्ट स्वस्तात मिळाली होती, ते आठवा.

याच काळात प्रेक्षक घटत गेले. शेजारी बर्नली आणि ब्लॅकबर्न हे मोठे क्लब, लोक तिकडे जायचे. १९६० मध्ये संघ चौथ्या विभागात घसरला. कर्ज वाढत साठ हजार पौंडांच्या आसपास गेलं. मार्च १९६२ मध्ये बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांना सल्ल्याला बोलावलं. त्यांनी वह्या बघितल्या आणि सांगितलं, यातून निघणं नाही. मोसम अर्धवट सोडून क्लबने लीगला राजीनाम्याचं पत्र पाठवलं.

पत्र गेलं आणि गाव जागं झालं. मदत करू म्हणणारी माणसं पुढे आली. क्लबने लीगला कळवलं, आमचं पत्र परत द्या, आम्ही मोसम पूर्ण करतो. लीगचं उत्तर आलं, राजीनामा मिळाला, विषय संपला. त्या मोसमातले तेहतीस सामने खेळून झाले होते. ते सगळे निकाल तक्त्यातून पुसून टाकले, जणू झालेच नव्हते.

मला राहून राहून वाटतं, पैसे नव्हते हे खरं, पण गावाला हे आधी कळलं का नाही? हिशेब चार-पाच लोकांना माहीत होता. बाकीच्यांना शनिवारची मॅच माहीत होती. मदत आलीच, पण पोस्टमन जाऊन आल्यावर आली.

क्लब खालच्या स्पर्धांत कसाबसा चालला आणि १९६६ मध्ये बंद पडला. १९६८ मध्ये गावकऱ्यांनी एका कामगार क्लबात सभा घेऊन तो पुन्हा काढला. कागदावर क्लब झाला, पण पहिला सामना व्हायला १९७० उजाडलं, आणि तोही पील पार्कवर नाही, कौन्सिलच्या क्राउन ग्राउंडवर. पुन्हा अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात. १९८९ मध्ये तिकडे दुधाची एक जाहिरात गाजली, तिच्यात या क्लबचं नाव ‘हे कोण बुवा?’ म्हणून चेष्टेला वापरलं होतं. गावाने तेही सोसलं.

शेवटी २००६ मध्ये स्टॅन्ली पुन्हा लीगमध्ये आले. १९६२ मध्ये त्यांची रिकामी झालेली जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती. आणि २००६ मध्ये स्टॅन्ली वर आले त्याच मोसमात लीगमधून खाली गेलेल्यांत होते हेच ऑक्सफर्ड! २०१८ मध्ये स्टॅन्ली त्याहून वरच्या विभागातही पोचले. म्हणजे गोष्ट गोड झाली. पण एका पत्राची भरपाई करायला चव्वेचाळीस वर्षं लागली. १९६२ ला पन्नाशीत असलेल्या किती जणांनी ती बघितली असेल?

मॅचनंतर जावयांनी मला पील पार्क दाखवलं. स्टँड नाही, फाटक नाही, पण मैदान आहे. शेजारच्या शाळेची मुलं तिथे खेळतात. प्रेक्षक उभे राहायचे ते मातीचे चढ गवताखाली अजून ओळखू येतात. मी तिथे बराच वेळ उभा होतो. क्लब मोडला, पुन्हा उभा राहिला. मैदानावर इमारत झाली असती तर ते काही पुन्हा उभं राहिलं नसतं.

आता आपल्या मागच्या प्लॉटचं. तिथे पार्किंग करावं असा अर्ज कमिटीकडे आहे आणि तो येत्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. कमिटीला मी दोष देत नाही. गाड्या वाढल्यात, रस्त्यावर लावल्या की टोइंगवाले नेतात. माझ्याच घरी दोन गाड्या आहेत. आणि कबूल करतो, त्या अर्जावर माझीही सही आहे. लिफ्टची वाट बघत उभा होतो, कुणीतरी कागद पुढे केला, मी पेन काढलं. वाचलासुद्धा नाही.

कुणी काय मत द्यावं हे मी सांगणार नाही. एवढंच म्हणतो की सभेला या. आपल्या एजीएमचा कोरम दर वर्षी अर्धा तास थांबून पुरा होतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ताळेबंद वाचा, प्लॉटवर संध्याकाळी किती मुलं असतात ते एकदा मोजा, मग हात वर करा.

आणि सेक्रेटरीसाहेब, माझी सही मी परत घेतोय. उद्या सकाळी तसं लेखी देतो. सभा व्हायची आहे, म्हणजे आपल्याकडे ते अजून चालतं.