अंध चाचणी आणि डोळस संमती

(व्याख्यानाचा मजकूर)



एखादे औषध किंवा लस गुणकारी आहे की नाही, हे कोणी व कसे ठरवावयाचे? रोगी बरा झाला म्हणजे औषध लागू पडले, असे सामान्यतः समजले जाते. परंतु पुष्कळसे आजार काही दिवसांनी आपोआपच बरे होतात. काही रोग्यांना औषध मिळाल्याच्या समाधानानेच उतार वाटू लागतो. शिवाय औषध देणाऱ्या डॉक्टरालाही आपल्या औषधाविषयी विश्वास असतो आणि त्या विश्वासाची छाया नकळत त्याच्या नोंदींवर पडते. हा दोष टाळण्यासाठी वैद्यकशास्त्राने जी पद्धत स्वीकारली आहे, तिला अंध चाचणी म्हणतात.

या पद्धतीत सहभागी व्यक्तींचे गट चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे केवळ योगायोगाने पाडले जातात. एका गटाला नवे औषध मिळते. दुसऱ्या गटाला प्रचलित औषध किंवा रंग, रूप व चव यांत तसाच, पण औषधी गुण नसलेला पदार्थ दिला जातो. या पदार्थाला वैद्यकीय परिभाषेत प्लासिबो म्हणतात. कोणाला काय मिळाले हे सहभागी व्यक्तीलाही ठाऊक नसते आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरालाही ठाऊक नसते. म्हणून तिला दुहेरी अंध चाचणी असेही नाव आहे. प्रत्येक कुपीवर फक्त संकेतांक असतो आणि त्याचा उलगडा चाचणी संपेपर्यंत बंद ठेवला जातो.

हे तत्त्व समजावयास सोपे आहे. परंतु आपल्याच घरातील माणूस, विशेषतः तान्हे मूल, अशा चाचणीत असते तेव्हा हा विषय निव्वळ शास्त्राचा राहत नाही.

वढूचे उदाहरण

लहान मुलांना होणाऱ्या तीव्र अतिसाराचे एक प्रमुख कारण म्हणजे रोटा विषाणू. या विषाणूचा एक सौम्य प्रकार १९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बालकांमध्ये आढळला. त्यावरून विकसित झालेली ‘रोटाव्हॅक’ ही भारतीय लस कितपत परिणामकारक आहे हे पाहण्यासाठी २०११ व २०१२ या वर्षांत ६,७९९ बालकांना चाचणीत सहभागी करून घेण्यात आले. चाचणीची केंद्रे तीन होती : दिल्ली, तमिळनाडूतील वेल्लोर आणि पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील वढू. म्हणजे या राष्ट्रीय कार्यात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कुटुंबांचाही वाटा आहे.

बालकांचे वय सहा ते सात आठवड्यांचे होते. दर तीन बालकांपैकी दोघांना लस व एकाला प्लासिबो, असे प्रमाण होते. तीन डोस तोंडावाटे, चार-चार आठवड्यांच्या अंतराने देण्यात आले. मुलाला नेमके काय मिळाले, हे आईला सांगितले गेले नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ते माहीत नव्हते.

अशा वेळी घरात अनेक प्रश्न उठणे स्वाभाविक आहे. आजी म्हणते, ‘‘आपलंच लेकरू कशाला प्रयोगाला द्यायचं?’’ वडील विचारतात, ‘‘खरी लस देणार की नाही, एवढं तरी सांगा.’’ आईच्या मनात निराळीच शंका असते : मूल आजारी पडले तर आपण नाही म्हटले असते तर बरे झाले असते, असे आयुष्यभर वाटत राहील काय? या प्रश्नांना अडाणीपणा म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे. ते विचारले जाणे हेच डोळस संमतीचे पहिले लक्षण होय.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, आपल्या मुलाला खरी लस मिळालेली नाही हे कळले, तर आई त्याला पहिल्याच जुलाबाला दवाखान्यात नेईल. लस मिळाल्याचे कळले, तर कदाचित ती थोडी निर्धास्त राहील. मग दोन गटांतील आजारांच्या नोंदी लसीमुळे निराळ्या दिसतात की आईच्या काळजीमुळे, हे सांगता येणार नाही. गुप्तता राखली जाते ती एवढ्यासाठीच.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर अधिक कठीण आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत रोटा विषाणूवरील पहिली लस मागे घ्यावी लागली होती, कारण काही बालकांमध्ये आतड्यात आतडे अडकण्याचा गंभीर विकार तिच्याशी निगडित असल्याचे दिसून आले. भारतातील चाचणीतही या विकारावर बारकाईने लक्ष ठेवण्यात आले. लस मिळालेल्या गटात असे सहा व प्लासिबो मिळालेल्या गटात दोन रुग्ण आढळले आणि ते सर्व तिसऱ्या डोसानंतरचे होते. लसीच्या गटात बालकेही दुप्पट होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. चाचणीच्या काळात दोन्ही गटांत मिळून ४२ बालके दगावली. त्यांपैकी कोणताही मृत्यू लसीमुळे झालेला नाही, असा निर्णय तपासणीअंती देण्यात आला. हे आकडे कुटुंबांपासून व समाजापासून दडवून ठेवणे हा विश्वासघात ठरला असता. ते शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, हे उचितच झाले.

आणखी एक आक्षेप त्या काळी घेतला गेला. रोटा विषाणूवरील परदेशी लसी बाजारात उपलब्ध असता काही बालकांना प्लासिबो देणे न्याय्य होते काय? त्यावर असे उत्तर देण्यात आले की, त्या लसी त्या वेळी आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नव्हत्या. हा वाद नैतिक स्वरूपाचा असून तो केवळ तज्ज्ञांपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

निष्कर्ष व त्याचे मोल

संकेतांक उघडल्यावर पुढील हिशेब मिळाला. एक हजार बालके वर्षभर पाहिली असता, प्लासिबोच्या गटात रोटा विषाणूच्या तीव्र अतिसाराचे सुमारे ३२ प्रसंग घडले. लसीच्या गटात सुमारे १५. म्हणजे आजाराचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. ही लस २०१६ मध्ये प्रथम चार राज्यांत राष्ट्रीय कार्यक्रमाद्वारे देण्यास प्रारंभ झाला. २०१९ मध्ये महाराष्ट्रातही रोटा विषाणूवरील लसीकरण सुरू झाले.

प्रत्येक चाचणीचे उत्तर अनुकूल येतेच असे नाही. १९६८ मध्ये तमिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यात क्षयरोगावरील बीसीजी लसीची अंध चाचणी सुरू झाली. तीत अडीच लाखांहून अधिक लोक सहभागी होते. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल आणि पंधरा वर्षांच्या पाहणीनंतरचा अहवाल यांतून, मोठ्या माणसांना होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस संरक्षण देत नाही, असेच निष्पन्न झाले. बालकांच्या मेंदूज्वरासारख्या क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून ती बचाव करते, म्हणून ती जन्मतः आजही दिली जाते. मात्र केवळ तिच्यावर विसंबून क्षयरोग हटणार नाही, हा धडा त्या लाखो सामान्य माणसांच्या सहभागामुळेच मिळाला. ‘नाही’ हे उत्तरदेखील ज्ञानच असते.

संमती म्हणजे अंगठा नव्हे

चाचणी अंध असली तरी तिला दिलेली संमती अंध असता कामा नये. चाचणीत काय होणार, कोणते धोके संभवतात आणि कोणती गोष्ट शेवटपर्यंत सांगितली जाणार नाही, हे सर्व आधी सांगितले तर ती फसवणूक होत नाही. न सांगितले तर मात्र ती फसवणूकच होय.

नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या यांविषयीच्या २०१९ च्या केंद्रीय नियमांनी याबाबत स्पष्ट तरतुदी केल्या आहेत. माहिती सहभागी व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते. बालकाच्या बाबतीत पालकाची संमती आवश्यक असते. पालकाला वाचता येत नसेल, तर निःपक्ष साक्षीदार समक्ष असावा लागतो. संमतीपत्राची प्रत कुटुंबाला द्यावी लागते. चाचणीतून केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत खंड पडत नाही. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नुकसानभरपाई यांचीही तरतूद आहे. चाचणीला मान्यता देणाऱ्या नीतिसमितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार व सर्वसामान्य नागरिक यांनाही स्थान असते. एखाद्या रुग्णाचे प्राण वाचविण्यासाठी त्याला काय दिले हे कळणे आवश्यक झाले, तर त्याचा संकेतांक तत्काळ उघडण्याची सोयही असते.

गावाची जबाबदारी

अशी चाचणी गावात येते तेव्हा सरपंच, शिक्षक, आशा व अंगणवाडी सेविका यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात. त्यांचे काम होकार मिळवून देण्याचे नाही, तसेच नकार पसरविण्याचेही नाही. चाचणीची नोंदणी राष्ट्रीय नोंदवहीत झाली आहे काय, नीतिसमितीची मान्यता आहे काय, अडचणीच्या वेळी कोणाला भेटावयाचे, हे त्यांनी विचारून घ्यावे. शिक्षकांनी संमतीपत्र वाचून दाखवावे, पण निर्णय आईवडिलांवर सोपवावा. सरपंचांनी ‘आपल्या गावाने होकार दिला आहे’ असे कदापि जाहीर करू नये, कारण संमती गावाची नसते. ती एकेका व्यक्तीची असते. ज्या घराने नकार दिला, त्या घराला रेशन, शाळा वा दवाखाना यांपैकी कोठेही त्याची झळ पोहोचू नये. चाचणी संपल्यावर निष्पन्न काय झाले ते गावाला सांगावे, असा आग्रहही ग्रामसभेने धरावा.

आजची माता आपल्या बाळाला जे थेंब निश्चिंतपणे पाजते, त्यामागे हजारो अनोळखी मातांनी पत्करलेली अनिश्चितता आहे. त्यांची नावे कोठेही छापली जाणार नाहीत. पुढच्या वेळी कोणत्याही घराकडे अशी विनंती येईल, तेव्हा त्या घराला पूर्ण माहिती आणि विचार करावयास पुरेसा वेळ मिळावा, एवढे पाहणे हीच त्या मातांविषयीची खरी कृतज्ञता ठरेल.