हप्त्याहप्त्यानं उभं राहिलेलं चर्च

चर्चगेटला रोज लाखो माणसं उतरतात, पण या नावातलं चर्च कुठलं, असं विचारलं तर बरेच जण इकडेतिकडे पाहतील. ते तिथून बरंच पुढे, हॉर्निमन सर्कलपाशी आहे: सेंट थॉमस कॅथीड्रल. मुंबईच्या कोटाच्या ज्या दरवाज्यातून त्याच्याकडे वाट जाई, तो चर्च गेट. 1860 च्या दशकात कोट पाडला, दरवाज्याच्या जागी फ्लोरा फाउंटन आलं. नाव तेवढं पश्चिमेला सरकून स्टेशनाला चिकटलं.

इंग्रज आले आणि त्यांनी आधी चर्च बांधलं, अशी आपली समजूत असते. गव्हर्नर जेराल्ड आँजियर यांनी 1676 मध्ये काम काढलं खरं, पण पुढच्याच वर्षी ते सुरतेत वारले. भिंती जेमतेम 15 फूट चढल्या होत्या. त्या बिनछपराच्या भिंतींवर जवळजवळ 40 पावसाळे गेले! प्रार्थना किल्ल्यातल्या एका खोलीत चाले. मधल्या काळात रोगराई आली, सिद्दी याकूतखान चालून आला, हे मान्य. पण व्यापार काही 40 वर्षं बंद नव्हता. मला तरी यात अडचणीपेक्षा अनास्थाच जास्त दिसते.

ती मोडली रिचर्ड कॉब या पाद्र्यानं. 1714 मध्ये तो आला, पुढच्या वर्षी त्यानं प्रवचनातूनच चर्चचा विषय काढला आणि वर्गणीला लागला. 1718 च्या नाताळात, गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या कारकिर्दीत, चर्च उघडलं. कॉबनं त्या समारंभाची हकीगत लिहून ठेवली आहे. तीत एक आपला माणूस भेटतो: शेणवी व्यापारी रामा कामती. वाळकेश्वराचं देऊळ पुन्हा उभारणारा हाच. तो आपल्या ज्ञातीच्या मंडळींसह आला आणि सगळी उपासना होईपर्यंत दाराशी उभा राहून कौतुकानं पाहत होता.

दोनच वर्षांत याच बून साहेबांच्या राज्यात कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून कामतीवर खटला झाला. पुराव्यात पुढे आलेलं पत्र बनावट होतं, असं इतिहासकार मानतात. मालमत्ता जप्त झाली, आणि कामती कैदेतच मेला. आंग्र्यांपुढे इंग्रजी आरमाराचं काही चालत नव्हतं, तो राग कुणावर तरी निघणारच होता.

चर्चची पुढची बांधणीही हप्त्याहप्त्यानंच. 1837 मध्ये चर्चचं कॅथीड्रल झालं, थॉमस कार पहिले बिशप. पाठोपाठ घड्याळाचा मनोरा आला. 1860 च्या दशकात कापसाच्या पैशावर मोठ्या नूतनीकरणाचा बेत ठरला. 1865 मध्ये शेअरबाजार कोसळला आणि वेदीकडच्या भागावर समाधान मानावं लागलं. म्हणून आत गेलात की साधं जुनं सभागृह एका तऱ्हेचं आणि वेदीकडचा नक्षीदार गॉथिक भाग दुसऱ्या तऱ्हेचा दिसतो.

आवारातलं कारंजंही चुकवू नका. आराखडा लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, पैसा पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचा. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृहही याच जोडीचं. आणि जुन्या मुंबईच्या रस्त्यांवरचे मैलाचे दगड मोजले जात, तेही याच चर्चपासून. त्यातले काही दगड अजून फुटपाथच्या कडेला तग धरून आहेत.